जबलपूरची जीभ

जुन्या यंत्राचा जीव बदलावा की ते आहे तसेच वापरावे, या एका प्रश्नावरून आमच्या घरात सव्वा महिना भांडण चालले होते. यंत्र म्हणजे टाइपरायटर. इंग्रजी, काळा, लोखंडी, आणि इतका जड की एकट्याने उचलला तर कंबर धरावी. टाइपरायटरवरून कोणी सव्वा महिना भांडते का, असे आता लोक विचारतील. आम्ही भांडलो. मी, माझा थोरला भाऊ, अकोल्याचा एक मिस्त्री आणि माझ्या कचेरीतले बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क, अशी या सगळ्या प्रकरणात चार माणसे होती, आणि चौघांपैकी एकालाही मी अजून माफ केलेले नाही. स्वतःला तर नाहीच.

तो टाइपरायटर माझ्या बाबांनी आणला. बाबा अकोटला एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात शिपाई होते. मालकाने धंदा आवरला तेव्हा जुन्या नोकरांना सांगितले, ऑफिसातली एकेक वस्तू घेऊन जा. कोणी टेबल उचलले, कोणी कपाट. बाबांनी टाइपरायटर मागितला. चौदा वर्षे ते रोज सकाळी त्याच्यावरची सरकीची धूळ पुसत होते आणि चौदा वर्षांत त्यांनी त्याची एक कळ दाबली नव्हती. पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्यांनी तो एसटीने अमरावतीला आणला. कंडक्टरने विचारले, शिलाई मशीन हाये का. बाबा म्हणाले, हो, इंग्रजीची.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर बाबांनी घरातल्या दोन गोष्टी बदलल्या होत्या, भिंतीवरच्या तसबिरी आणि मुलीच्या शिक्षणाबद्दलचे स्वतःचे मत. मी मॅट्रिक झाले, टायपिंगच्या क्लासला गेले, कळांवर रुमाल टाकून दहा बोटांनी टाइप करायला शिकले. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो कापडगिरणीत लागला होता आणि टाइपरायटरकडे ढुंकून बघत नव्हता. कधी हुक्की आली तर दोन बोटांनी ठोकायचा, कोंबडी दाणे टिपते तसा. पुढे बाबा गेले. जाताना बरेच काही सांगून गेले, पण टाइपरायटर कोणाचा हे सांगायचे राहिले. मला वाटत होते की हे सांगायची गरजच नाही. भावालाही तसेच वाटत होते, फक्त उलट बाजूने.

मला अमरावतीतच एका सरकारी कचेरीत हंगामी टायपिस्टची जागा मिळाली. हंगामी म्हणजे आज आहे, उद्या नाही. सगळ्या कचेरीत बाई मी एकटी. माझ्या शेजारच्या टेबलावर दुसरा हंगामी टायपिस्ट बसायचा, पान चघळणारा, शांत. त्याच्या घरी चांगली काळी जमीन होती, त्यामुळे त्याला कशाचीच घाई नव्हती. मला होती. माय, मी आणि अधूनमधून भाऊही माझ्याच पगारावर जेवत होतो, कारण भावाचे गिरणीत पटेना आणि तो दर दोन महिन्यांनी घरी बसायचा. शिवाय रविवारी मी घरच्या टाइपरायटरवर कॉलेजातल्या एका प्रोफेसरांचे इंग्रजी कागद टाइप करून द्यायची. ते माझ्याशी 'प्लीज' म्हणून बोलत. मला तेवढ्यानेही बरे वाटायचे.

महाराष्ट्र होऊन काही वर्षे झाली होती. कचेरीत आधी कुजबुज झाली आणि मग हुकूमच आला की इथून पुढे पत्रव्यवहार मराठीत. हंगामी टायपिस्टांनी चार महिन्यांत मराठी टंकलेखनाची परीक्षा द्यावी, पास होतील त्यांना कायम करू, नापास होतील त्यांची सेवा संपली. परीक्षेला ज्याने त्याने स्वतःचे यंत्र आणले तरी चालेल. कचेरीत मराठी यंत्र एकच होते, नवे कोरे, आणि ते बडेबाबूंच्या टेबलाशेजारी झाकण घालून ठेवलेले असे.

या बडेबाबूंना कचेरीत मी 'आपण' म्हणत असे. इथे मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तो पुण्याकडचा. बदली होऊन वऱ्हाडात आला होता आणि आल्या दिवसापासून परत जायच्या अर्जावर अर्ज करत होता. आमचे ऊन, आमचे पाणी, आमची भाजी, काहीच त्याला सोसत नव्हते, आणि सगळ्यात जास्त त्याला आमचे बोलणे टोचायचे. एकदा साहेब कुठे आहेत असे त्याने विचारले. मी कामात होते, तोंडातून घरचेच निघाले, "साहेब शायेच्या तपासणीले गेले." तो खुर्चीवरून उठून माझ्या टेबलापाशी आला.

"शाया नव्हे, बाई. शाळा. म्हणा पाहू."

मी म्हटले. त्याने आणखी दोनदा म्हणवून घेतले. सगळी कचेरी हसत होती, आणि हसणाऱ्यांतले निम्मे घरी जाऊन शायाच म्हणणार होते. त्या दिवसापासून तो रोज सकाळी मला एखादा ळ चा शब्द म्हणायला लावू लागला, डोळा, केळी, आभाळ. ळ मला येत होता. मी शाळेत शिकलेली बाई, वाचताना, लिहिताना, सावकाश बोलताना माझा ळ स्वच्छ होता. फक्त चिडल्यावर माझ्या तोंडात य यायचा, आणि त्याच्यासमोर मी कायम चिडलेलीच असायची.

घरी वेगळेच सुरू झाले. भावाने गिरणी कायमची सोडली आणि कोर्टासमोर अर्ज टाइप करायला बसायचे ठरवले. आता लोकांना मराठी अर्ज हवे होते. त्याने कुठूनतरी ऐकले, की अकोल्याला एक मिस्त्री जुन्या इंग्रजी टाइपरायटरची अक्षरे काढून मराठी बसवून देतो. सांगाडा तोच, रूळ तोच, कळा त्याच, फक्त दांड्यांच्या टोकाला असलेले अक्षरांचे खिळे बदलायचे. नवे मराठी यंत्र घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि असती तरी नाव नोंदवून वर्षभर वाट पाहावी लागली असती. भावाचे म्हणणे, तुझी परीक्षा होईल, माझे दुकान होईल, मशीन नवीकोरी होईल.

मी नाही म्हणाले. एकदा इंग्रजी खिळे उपटले की इंग्रजी गेली, ती परत यायची नाही. आज मी त्या इंग्रजीवर जगत होते. शिवाय जे यंत्र इंग्रजीसाठी घडवले त्यात मराठी कशी मावणार? इंग्रजीत कळ दाबली की कागद धरणारा गाडा एक घर पुढे सरकतो. मराठीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार टाकताना गाडा जागच्या जागी थांबायला हवा. एवढ्याशा कळांत जोडाक्षरे कुठे कोंबणार? भावाला हे सगळे नखरे वाटत होते. तो म्हणायचा, इंग्रजी मेली. मी म्हणायची, तुझी कधी जिवंत होती? तो म्हणायचा, मशीन बाबांची, बाबांच्या मागे घरातला पुरुष मी. मी म्हणायची, तर मग पुरुषाने महिन्याचे धान्य भरून दाखवावे. असे बोलू नये ते मी बोलत होते आणि मला त्याचे वाईटही वाटत नव्हते. माय चुलीपाशी बसून ऐकायची. एकदा तिने हातातले लाटणे खाली ठेवले आणि एवढेच म्हणाली, "इहिरीत टाका ते मशीन."

सव्वा महिना मी टिकले. मग एक दिवस कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी बडेबाबूकडे गेले आणि विचारले, की रोज अर्धा तास त्या मराठी यंत्रावर सराव केला तर चालेल का. यंत्र रिकामेच होते. त्याने डब्याचे झाकण लावले, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला,

"आधी जिभेवर येऊ द्या, बाई. मग बोटांवर."

संध्याकाळी मी घरी आले, चपला न काढता दारातच भावाला म्हटले, "चाल अकोल्याले." सव्वा महिन्यातले माझे सगळे मुद्दे बरोबर होते, त्यातला एकही कोणी खोडला नव्हता, आणि निर्णय मात्र मी रागाच्या एका झटक्यात घेतला. पुढे आयुष्यभर भावाला मी दोष दिला, पण त्या दिवशी 'चाल' मीच म्हणाले होते, तो नव्हे.

अकोल्याचा मिस्त्री जुन्या कापूस बाजारामागच्या एका गल्लीत बसायचा. शिलाई मशीन, वजनकाटे, टाइपरायटर, काहीही दुरुस्त करायचा. त्याने आमचा टाइपरायटर उलटा केला, आतून पाहिला आणि भावाशी बोलायला सुरुवात केली. प्रश्न मी विचारत होते, उत्तरे भावाला मिळत होती. अक्षरांचा सेट जबलपूरहून येतो, तिकडचा माल पक्का असतो. मात्रा-वेलांटीच्या कळांचे दाते कानशीने घासून टाकतो, म्हणजे गाडा सरकणार नाही.

"सांगाडा असा आता भेटत नाही, भाऊ," तो म्हणाला. "याले फक्त जीभ बदलून देतो. मशीन नवीकोरी होऊन जाईन."

मी विचारले की आमची इंग्रजी अक्षरे जपून ठेवाल का. त्याने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिले, आणि एक तंबाखूचा डबा पुढे करून म्हणाला की तुमचे इंग्रज याच्यात ठेवतो. भाऊ हसला. परतीच्या एसटीत मी त्याच्यापासून दूर, दुसऱ्या बाकावर बसले.

पंधरा दिवसांनी आम्ही यंत्र आणायला गेलो. कळांवर नवी अक्षरे चिकटवली होती, रुळाला नवी फीत होती. मिस्त्रीने कागद चढवला आणि म्हणाला, चालवून पाहा. मी बसले. मला एकही जागा माहीत नव्हती. क कुठे, न कुठे, काना कुठे, सगळे शोधावे लागत होते, आणि मागे उभा राहून भाऊ सांगत होता. त्याला आपले कोर्टासमोरचे दुकान डोळ्यांपुढे दिसत होते, म्हणून तो अर्ज सांगत होता, आमच्याकडचा माणूस तोंडाने सांगतो तसाच. माझा मया नदीच्या जवय हाये. रोज सकायी शेजारी वावराच्या धुऱ्यावरून भांडते. माह्या डोयानं मी पाह्यलं.

मी टाइप करत गेले. टायपिस्टची बोटे कानावर पडेल ते उमटवतात. अर्थ लावणे हे साहेबाचे काम, अशी मला सवय लागली होती, आणि त्या दिवशी तर माझे सगळे ध्यान कळा शोधण्यात होते. मया, जवय, सकायी, डोया, सगळे सुरेख उठले. मात्रा जागेवर बसत होत्या, गाडा थांबायचा तिथे थांबत होता. मिस्त्रीने कागद लांब धरून वाचला. भावानेही वाचला. एकबी अक्षर मागे राहिले नाही, असे मिस्त्री म्हणाला, आणि आम्ही तिघांनी मान हलवली. त्या दुकानात तीन वऱ्हाडी माणसे होती, तिघांना लिहितावाचता येत होते आणि तिघांच्याही काही लक्षात आले नाही.

रविवारी सकाळी मी सरावाला बसले. कचेरीतून एका मराठी पत्राची नक्कल आणली होती. सरकारी पत्राची पहिली ओळ ठरलेली असते. उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की. मी सावकाश एकेक शब्द उतरवत 'आपणास' पर्यंत आले. क टाइप केला. मग माझे बोट पुढच्या कळेसाठी फिरू लागले आणि फिरतच राहिले. पहिली ओळ पाहिली, दुसरी, तिसरी, चौथी. वरची चिन्हे पाहिली. परत पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी अकोल्याचा तो कागद शोधून काढला, जवय वाचले, डोया वाचले, आणि मला समजले की आम्ही काय करून बसलो आहोत. मराठी राज्याची पत्रे ज्या शब्दावाचून पुढे सरकत नाहीत तो शब्द आमच्या यंत्राला लिहिता येत नव्हता.

भावाला बोलावून दाखवले. तो वाकून कळा पाहत राहिला, मग मान वर करून म्हणाला, "य टाक ना. सरकारले कयत नाही का?"

मी हाताला लागला तो तांब्या जमिनीवर आपटला. पोचा आलेला तो तांब्या नंतर कित्येक वर्षे घरात होता आणि माय त्याच्याकडे बोट दाखवून मला गप्प करायची.

पुन्हा अकोला. या वेळी भावाला मी फक्त ओझे उचलायला नेले आणि तोंड उघडायचे नाही असे बजावले. मिस्त्रीला मी विचारले की ळ कुठे आहे. तो शांतपणे म्हणाला, सेट जबलपूरचा आहे, हिंदीचा आहे, हिंदीत ळ कुठे लागतो. मी म्हटले, मग हे आधी सांगितले काहून नाही? त्याने हातातला पेचकस खाली ठेवला.

"बाई, तुमी बोलता तरी कुठी?"

त्याच्या तोंडात मारावी असे मला वाटले. पण मारायला तो खोटे थोडेच बोलला होता? हेच पुण्याच्या माणसाने म्हटले असते तर मी दहा उत्तरे दिली असती. हा आमचाच माणूस होता, त्याच्याही तोंडात ळ नव्हता, आणि तो मला हिणवतही नव्हता. खरोखर विचारत होता.

ळ चा खिळा मुंबईहून मागवावा लागणार होता आणि त्याला दोन महिने लागले असते. परीक्षा अठरा दिवसांवर आली होती. मी म्हटले तो तंबाखूचा डबा द्या. डबा मी त्याच्या फळीवर उपडा केला. माझी सगळी इंग्रजी तिथे पसरली, ज्या अक्षरांवर मी चार वर्षे पोट भरले होते ती. त्यातून मी आठाचा आकडा शोधून काढला आणि मिस्त्रीला सांगितले, हा आडवा झोपवा. याला डाख देऊन बसवा. त्याने तो खिळा बोटांत धरून फिरवला, डोळ्यांजवळ नेला. वर रेघ येणार नाही, म्हणाला. मी म्हटले, नसू दे. कधीच लागत नव्हते असे एक चिन्ह काढून त्याच्या जागी त्याने आडवा आठ बसवला. पहिल्यांदा कळ दाबली तेव्हा कागदावर ळ उमटला, बिनडोक्याचा, थोडा खाली बसलेला, पण ळ. भाऊ बोलला नाही, कारण त्याला बंदी होती. मिस्त्री मात्र म्हणाला की हे माह्या डोक्यात आले नसते.

मला गर्व झाला. आयुष्यात मला झालेला तो सगळ्यात मोठा गर्व असेल, आणि तो अठरा दिवस टिकला. रोज पहाटे उठून मी सराव केला. कळविण्यात येते, मिळाले, वेळोवेळी, त्यामुळे, सकाळी. ज्या शब्दांसाठी मला भर कचेरीत उभे केले होते ते सगळे शब्द मी बोटांत भरून घेतले. माझा वेग इंग्रजीच्या जवळपास गेला.

परीक्षेच्या दिवशी भावाने यंत्र सायकलच्या कॅरिअरला बांधून कचेरीत पोचवले. आम्ही पाच जण बसायचे होतो, बसलो चौघे. माझ्या शेजारचा पानवाला तापाने आजारी असल्याची चिठ्ठी आली होती. सुरू करण्याआधी बडेबाबूने माझ्या यंत्राभोवती एक फेरी मारली, कळांवर चिकटवलेली अक्षरे पाहिली आणि म्हणाला की कचेरीचे यंत्र हवे असेल तर तुम्ही घेऊ शकता. हे त्याने सगळ्यांसमोर म्हटले होते, साक्षीदार आहेत, मी नाकारत नाही. त्या यंत्रावर ळ होता, वरच्या रेघेसकट. पण त्याच्या कळांची मांडणी वेगळी होती आणि मी सराव केला होता माझ्या यंत्रावर. शिवाय त्याची मेहरबानी मला नको होती. मी म्हटले, माझे आहे.

सगळ्यात आधी माझा कागद झाला. त्याने लाल पेन्सिल घेतली आणि माझ्यासमोरच तपासायला बसला. पहिल्या ओळीत एक गोल केला. दुसऱ्या ओळीत दोन. गोल वाढत गेले.

"हे काय आहे?" त्याने विचारले.

"ळ."

"हा इंग्रजी आठ आहे. आडवा पडलेला."

"वाचता येतो ना?"

"वाचता येणे हा नियम नाही, बाई."

प्रत्येक ळ त्याने चूक धरला. बाकी कागदात एकही चूक नव्हती, आणि हेही त्यानेच मोठ्याने सांगितले, न्यायाने वागतो आहे असे दाखवायला. मी त्याला म्हटले, की जो ळ आपण मला रोज म्हणायला लावता तो एवढ्या ठिकाणी मी बरोबर टाकला आहे, एकाही ठिकाणी य नाही, हे आपल्याला दिसत नाही का. तो म्हणाला, दिसते. आणि खाली नापास लिहिले. मला तेव्हा रडू आले असते तर बरे झाले असते. मला फक्त राग आला, इतका की यंत्र उचलून एकटीच जिन्यावरून खाली आले. कंबर महिनाभर धरली होती.

आठवड्याने टपालाने पत्र आले. आपणास कळविण्यात येते की आपली सेवा अमुक तारखेपासून समाप्त करण्यात येत आहे. कचेरीच्या नव्या यंत्रावर टाइप केले होते. ळ अगदी ठसठशीत होता.

यंत्र भावाने कोर्टासमोर नेले. एक लाकडी खोके, एक स्टूल, वर ताडपत्री. दोन बोटांनी ठोकत बसायचा, पण त्याच्याकडे लोक येत होते. आडव्या आठाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. पक्षकारांनी नाही, वकिलांनी नाही, कोर्टाच्या कारकुनांनीही नाही. मी घरी बसले. एका रविवारी प्रोफेसर कागद घेऊन आले. मी त्यांना दारातूनच सांगितले की माझ्याकडे आता इंग्रजी नाही. त्यांना ते वाक्य कळले नाही. ते यंत्राच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले, मग प्लीज म्हणायच्या जागी सॉरी म्हणाले आणि गेले. त्या दुपारी मी मायला म्हटले की मी मरून गेले तर बरे. तिने मला चार शिव्या दिल्या आणि निवडायला डाळ दिली.

पुढे दीड-दोन महिने गेले असतील. एका दुपारी मी भावाचा डबा घेऊन कोर्टासमोर गेले होते. भावापुढे एक म्हातारा शेतकरी बसला होता आणि भाऊ त्याचा अर्ज ठोकत होता. तेवढ्यात कचेरीतला तो शेजारचा पानवाला सायकलवरून चालला होता, मला पाहून उतरला. तब्येत चांगली होती त्याची. खुशीत होता. खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाला की नवा हुकूम आला आहे, ऐका. त्याने मोठ्याने वाचला. ज्या कर्मचाऱ्यांनी अद्याप मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली नाही त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ देण्यात येत आहे, तोवर त्यांनी इंग्रजी काम चालू ठेवावे, आणि त्यांचा कायम होण्याचा हक्क अबाधित राहील.

मी विचारले, ज्यांनी दिली आहे त्यांचे काय? त्याने कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता. त्यांच्याबद्दल काही नाही, म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आले की तो कोणाशी बोलतो आहे. त्याने पान थुंकायला तोंड फिरवले आणि तसाच सायकलवर बसून गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने काहीच केले नव्हते, आणि म्हणूनच तो टिकला होता.

भावाने सगळे ऐकले होते. त्याची दोन बोटे कळांवर तशीच थांबली होती. मग, हिशेब जुळल्यासारखे, तो सहज म्हणाला,

"मंग तं मशीन होती तशीच ठिवली असती तरी चाललं असतं."

सव्वा महिना मी हेच सांगत होते. चुलीपाशी, दारात, जेवताना, हेच. त्याला मारावे, यंत्र रस्त्यावर फेकावे, पानवाल्याच्या मागे धावून तो कागद फाडावा, असे सगळे एकदम माझ्या मनात आले, आणि त्यातले काहीच करण्यात अर्थ नव्हता. माझी नोकरी गेली होती, इंग्रजी गेली होती, आणि जे उरले होते त्याच्यावर तो दोन बोटांनी ठोकत होता.

"ऊठ," मी म्हटले.

त्याने बोटे कळांवरून उचलली. "मी कुठी बसू?"

"कुठीबी बस. ऊठ."

म्हातारा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. बाई टाइप करते का, असे त्याने भावालाच विचारले. भाऊ उठला, डबा घेतला आणि ताडपत्रीच्या बाहेर जाऊन उभा राहिला. मी स्टूल पुढे ओढले, म्हाताऱ्याला म्हटले, सांगा. त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली आणि मी कळांकडे न पाहता त्याचा अर्ज शुद्ध मराठीत उतरवून दिला. त्या स्टुलावर मी एकोणीस वर्षे बसले. माय त्याच्यावर जेवली, भाऊ जेवला, नंतर त्याची मुलेही जेवली. एक दिवसही मला तिथे बसायला आवडले नाही.